आत वारा कुठे येतो?

तुम्हाला माहितीये, माझं बीटेक सिव्हिलमध्ये आणि नोकरी कोडिंगमध्ये. पण आज जुनं शिक्षण कामाला आलं.

मागच्या महिन्यात बहिणीचा साखरपुडा होता, एका हॉलमध्ये. स्टेजमागे प्लायची भिंत, ३ मीटर रुंद, २.४ मीटर उंच. खाली ६० सेंटिमीटरचे पाय, बस्स. डेकोरेशनवाल्या दादांना विचारलं, "बांधली नाही?" म्हणाले, "आत वारा कुठे येतो?" तासाभराने दोन पोरं पकडापकडी खेळताना मागून आदळली आणि भिंत पुढे झुकली. मी आणि मामाने धरली. समोरच्या खुर्चीत आजी बसली होती.

वारा नाही हे खरंच. पण धक्का असतो, टेकणारी माणसं असतात, पंखा असतो. म्हणून अमेरिकेतला इंटरनॅशनल बिल्डिंग कोड सांगतो: आतली भिंत ६ फुटांपेक्षा उंच असेल, तर दर चौरस फुटाला किमान ५ पाउंड आडवा भार धरा. म्हणजे चौरस मीटरला साधारण २४ किलो.

आता हिशोब. आपली भिंत ७.२ चौरस मीटर, म्हणजे आडवा जोर सुमारे १७५ किलो. तो मध्यावर, १.२ मीटर उंचीवर धरायचा. १७५ गुणिले १.२, पाडणारा जोर झाला २१०. सावरणारं काय? भिंतीचं वजन समजा ८० किलो, पायाची निम्मी रुंदी ०.३ मीटर. गुणाकार फक्त २४! जवळपास नऊपट कमी.

नुसत्या वजनाने सावरायचं तर ७०० किलो लागतील. त्यापेक्षा वरच्या टोकाला पक्क्या जागी ताण द्या, त्यावर निम्माच भार येतो, सुमारे ८८ किलो. किंवा बाजूला काटकोनात दुसरी भिंत जोडा.

आणि भूकंप? तिथे गंमत उलटी. आडवा जोर वजनाच्या प्रमाणातच वाढतो, त्यामुळे कपाट पुस्तकांनी गच्च भरलं म्हणून ते स्थिर होत नाही. उंचीच्या मानाने पाया किती रुंद, ते महत्त्वाचं. १९६७ चं कोयना, १९९३ चं किल्लारी आपल्याच महाराष्ट्रातलं ना?

तर आज घरी गेलात की उंच कपाट हळूच हलवून बघा. डुललं, तर एक एल-पट्टी, दोन स्क्रू, भिंतीला पक्कं. पोरं झोपतात त्या खोलीपासून सुरुवात करा.

भेटू पुढच्या भागात!