टोपी कशाने टिकते?

(विष्णुपुरी येथे आपल्या सहाय्यकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



किनवटच्या डोंगरातल्या कोलाम पोडांवर आपण दातांची शिबिरे घेतो. तिथल्या एका मातेच्या दाढेवर मी सिरॅमिकची टोपी बसवली. चिकटवायला सर्वांत महागडे रेझिन सिमेंट वापरले. चार महिन्यांत टोपी निघाली. तिने ती पदराच्या गाठीत जपून आणली होती. "डॉक्टरसाहेब, माझं काही चुकलं का?" तिने विचारले. चूक माझी होती.

टोप्या बसवायला मुख्यतः तीन प्रकारची सिमेंटे वापरतात. झिंक फॉस्फेट शंभर वर्षांहून जुने. ते दाताशी रासायनिक बंध जोडत नाही, बारीक खाचांत रुतून टोपी धरते. ग्लास आयोनोमर हे विल्सन आणि केंट या इंग्लंडच्या संशोधकांचे. ते दातातल्या कॅल्शियमशी बंध जोडते. तिसरे रेझिन. काच असलेले सिरॅमिक आतून हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरखरीत करून सिलेन लावले, की रेझिनची पकड सर्वांत मजबूत येते. झिर्कोनियात काच नसते, म्हणून तिथे हे आम्ल उपयोगी पडत नाही.

प्रयोगशाळेत उपटलेल्या दातांवर टोप्या बसवतात, ३७ अंशांच्या पाण्यात ठेवतात आणि यंत्राने ओढून पकड मोजतात. तिथे रेझिन बहुधा पहिले येते. पण तिथे दात कोरडा असतो. पोडावर सक्शन नव्हते. कापूस ठेवताच लाळेने भिजत होता. लाळेच्या थरावर रेझिन लावणे म्हणजे वाळूवर घर बांधणे.

पुढच्या फेरीत दाढेच्या भिंती नीट घडवून झिर्कोनियाची नवी टोपी ग्लास आयोनोमरने बसवली. त्यालाही लाळ चालत नाही, पण दात अगदी शुष्क असण्याची गरज नसते आणि कामाच्या पायऱ्या कमी असतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ साली ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले आहे. दोन पावसाळे झाले, ती माता त्या दाढेने भाकरी चावते.

म्हणून माझी विनंती आहे, की आपल्या देणग्यांतून महागडे सिमेंट घेण्याआधी बॅटरीवर चालणारे सक्शन यंत्र घेऊ या. आणि प्रत्येक शिबिरानंतर सहा महिन्यांनी त्याच पोडावर परत जाण्याचा खर्च बाजूला ठेवू या. टोपी निघाली, तर ती आपल्याला कळली पाहिजे.

आपल्या प्रार्थनेत त्या मातेची आठवण असू द्या.