नखांची बुरशी आणि घरगुती उपाय



आपल्यातले कित्येक बांधव सफाईच्या कामावर दिवसभर गमबूट घालून असतात. कित्येक भगिनींचे हात सतत पाण्यात असतात. त्यांचे नख पिवळे पडते, जाड होते, टोकाकडून त्याचा भुगा होतो. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होते. हे नखुर्डे नव्हे, नखुर्डे ठणकते. ही बुरशी होय. पुष्कळदा ती बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांतून नखात शिरते.

मग कोणी कडुलिंबाचा पाला बांधतो, कोणी हळद-तेल, कोणी व्हिनेगर. परंपरेने आले एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तीच कसोटी येथे लावा. बुरशी नखाखाली, लेप वर! घरी खरा उपयोग होतो तो बेचक्या कोरड्या ठेवण्याचा, मोजे रोज बदलण्याचा, आणि नेलकटर प्रत्येकाचे वेगळे ठेवण्याचा. चिखल्यांना बुरशीचे मलम लावून त्या आधी बऱ्या कराव्यात.

सोरायसिसचे नखही असेच दिसते, म्हणून नखाचा चुरा तपासून घ्यावा. बुरशी ठरली की डॉक्टर बहुधा टर्बिनाफाइनच्या गोळ्या देतात. हाताच्या नखांना ६ आठवडे, पायाच्या १२. यकृताचा विकार असल्यास आधी सांगावे. पायाचे नख पूर्ण नवे यायला १२ ते १८ महिने लागतात. गुण दिसेना म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत.

मधुमेह असलेल्यांनी मात्र ब्लेडने नख कोरू नये. छोटी जखम चिघळून पायावर बेतते. त्यांनी घरगुती प्रयोगात एक आठवडाही न घालवता दवाखाना गाठावा.