भानवस सजवू, धुराला वाट ठेवू



दिवाळीआधी आपण चूल, वैल, भानवस लिंपतोच. यंदा आमच्या गटानं भानवस सजवायचंही ठरवलं. चिकणमाती चाळून तिच्यात शेण अन् गव्हाचा भुसा कालवला. नुसती माती वाळताना आकसते, भेगा पडतात. पातळ थर दिले, सावकाश वाळू दिले. ओल असेतो जाळ घातला नाही. मग गेरूचा हात, वर चुन्याची वेलबुट्टी. ही नक्षी पेटत नाही. प्लॅस्टिकची तोरणं, चिकटवायचे कागद, ऑइलपेंट मात्र जाळाजवळ नकोच.

आणि शोभेसाठी धुराड्याचं तोंड कधी बुजवू नका. कोंडलेला धूर आपल्या अन् मांडीवरच्या लेकराच्या छातीत जातो. धूर बाहेर गेला, तरच चूल देखणी!