अर्जातील याचक

(छत्रपती संभाजीनगर येथे नव्या पदवीधरांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मराठवाड्यातील तरुण पदवी हाती आल्यावर जे पहिले महत्त्वाचे लेखन करतो ते नोकरीच्या अर्जाचे. आणि नेमके तेच लेखन त्याचे स्वतःचे नसते. ‘घरची परिस्थिती हलाखीची आहे, सेवेची संधी दिल्यास जन्मभर ऋणी राहीन’ ही वाक्ये कोणाच्या तरी जुन्या अर्जातून उतरलेली असतात.

याला इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या शहरात महाविद्यालय काढले, १९५८ साली विद्यापीठ झाले, आणि मग शेतमजुरांच्या व अल्पभूधारकांच्या घरांत पहिले पदवीधर निर्माण झाले. आजही अनेक घरांत पहिलाच पदवीधर निघतो. त्याच्या वडिलांनी अर्ज केले ते तलाठ्याकडे, सोसायटीकडे, फार तर विजेच्या जोडणीसाठी. ‘मायबाप’ म्हटल्यावाचून कागद पुढे सरकत नसे. मुलाने तीच भाषा उचलली यात त्याचा दोष कोणता?

परंतु त्याच गावात आणखी एक अर्ज आहे, आणि तो अधिक स्वाभिमानी आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. २००५ साली देशाने तसा कायदा केला. अशा कायद्याखाली मजूर काम मागतो तेव्हा परिस्थितीचे रडगाणे गात नाही. नाव, गाव, कोणत्या काळात काम हवे एवढेच लिहितो आणि तारखेची पोचपावती मागतो. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्त्याचा हक्क सांगतो. (ती पावती मिळविण्यासाठी किती भांडावे लागते, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.) निरक्षर मजुराच्या कागदावर हक्काची भाषा आणि पदवीधराच्या कागदावर उपकाराची, असा हा उलटा प्रकार आहे.

पदवीधराला अशी हमी कोणत्याही कायद्याने दिलेली नाही. वाळूज, चिकलठाणा वा शेंद्रा येथील कारखान्यावर त्याच्या अर्जाला उत्तर देण्याचेही बंधन नाही. म्हणूनच त्याच्या अर्जाला स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते. त्याने जाहिरात पुन्हा पुन्हा वाचावी, तीत कोणती कामे सांगितली आहेत ते अधोरेखित करावे आणि त्यांतील आपण काय केले आहे तेवढेच एका पानात लिहावे. कोणते पद, जाहिरात कुठे व केव्हा वाचली, हे पहिल्याच वाक्यात यावे. एकच मजकूर वीस ठिकाणी पाठविणाऱ्याच्या अर्जात कधीकधी भलत्याच कंपनीचे नाव राहून जाते, आणि तो अर्ज तिथेच संपतो. इंग्रजीत लिहायचे तर मुलाखतीत बोलता येईल इतकेच सोपे इंग्रजी लिहावे.

सर्वांत खेदाची गोष्ट वेगळीच आहे. ‘कमवा व शिका’ योजनेत दोन वर्षे ग्रंथालयात राबलेला विद्यार्थी अर्जात लिहितो, ‘अनुभव : नाही’. सुट्टीत कापसाच्या खरेदी केंद्रावर वजनांच्या नोंदी ठेवणारा, भावंडांना सांभाळून गावातल्या मुलांच्या शिकवण्या घेणारी, या सर्वांना ते काम लपवावेसे वाटते. ‘मी प्रामाणिक व कष्टाळू आहे’ हे जवळजवळ प्रत्येक अर्जात असते आणि त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. ‘दोन वर्षे रोज तीन तास पुस्तकांची देवघेव सांभाळली, वर्षअखेरीच्या मोजणीत हरवलेल्या पुस्तकांची यादी केली’ असे लिहिणाऱ्याला कष्टाळूपणाचे प्रमाणपत्र जोडावे लागत नाही. श्रमाची लाज बाळगणारा समाजच त्या तरुणाच्या हातून ‘नाही’ हा शब्द लिहवून घेतो.

अर्ज सुधारल्याने जागा वाढत नाहीत. बेकारीचे खापर अर्जदाराच्या भाषेवर फोडणे म्हणजे सरकारला आणि भांडवलदाराला सोडून देणे होय. १९७४ साली मराठवाड्यातील विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा नोकऱ्यांचा प्रश्न त्यांच्या मागण्यांत होता. तो सुटलेला नाही. आणि नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाचे फावते ते त्यामुळेच. त्याला एक रुपयाही देऊ नये.

तोवर प्रत्येक अर्जाची प्रत तारीख घालून वहीत ठेवावी. कुठे दिला, कोणी घेतला, उत्तर आले की नाही, हे शेजारी लिहावे. वसतिगृहातील दहा जणांनी आपापल्या वह्या एकत्र आणल्या, तर कोणत्या कारखान्याने जाहिरात देऊन भरतीच केली नाही, ते दिसू लागेल.