थकलेलें इंजिन आणि टर्बोचार्जर

लाखभर मैल धांवलेल्या मोटारीला टर्बोचार्जर बसवून पुन्हां तरुण करतां येईल काय, हा प्रश्न हौशी मालकाच्या मनांत येतोच. या यंत्राचें पेटंट स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं घेतलें. इंजिनांतून वायां जाणारा तप्त धूर एक चक्र फिरवितो. त्याच दांड्यावरील दुसरें चक्र हवा दाबून इंजिनांत भरतें. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक आणि जोरहि अधिक.

आतां आपल्या कुर्ल्यास तयार झालेली प्रीमियर पद्मिनी घ्या. तिचें १०८९ घनसेंटिमीटरांचें, कार्ब्युरेटरवर चालणारें इंजिन दाबलेल्या हवेसाठीं घडविलेलेंच नव्हतें. त्यांतून रिंगा झिजल्या असतील, तर वाढलेला दाब त्यांच्या कडेनें खालीं निसटतो. पेट्रोल अवेळीं पेटून पिस्टन फुटण्याचें भय असतें. टर्बोच्या बेअरिंगला स्वच्छ तेल पुरेशा दाबानें लागतें. झिजलेलें इंजिन तें कोठून देणार? शिवाय, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम अशा मनमानी फेरबदलांस आडवें येतें.

म्हणून प्रथम मिस्त्रीकडून सिलिंडरांतील दाब मोजून घ्यावा. तो कमी भरल्यास पैसा रिंगा व ब्रेक यांवर खर्चावा. घोडबंदरचा चढ सावकाश चढला तरी चालेल; उतारावर मात्र मुलांबाळांनीं भरलेली गाडी थांबलीच पाहिजे.