वलगणीची विद्या

मासेमारी म्हटली की नगरवासीयांस समुद्र आठवतो. परंतु मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्याच्या डोंगरी मुलखात वारली, कातकरी कुटुंबे ओढ्यांतही मासे धरतात. पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध भातखाचरांकडे चढतात, हीच 'वलगण'. पाण्याची वाट ओळखून तेथे बांबूच्या कामट्यांचा सापळा लावणे, ही पिढीजात विद्या होय. मात्र चढणारा प्रत्येक मासा धरला, तर पुढील वर्षी ओढा रिकामाच! समुद्रात यांत्रिक नौकांस २०२५ साली १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी होती. रानातल्या ओढ्यावर पहारा कोण करणार? तेथे धरणाऱ्याचा विवेक हाच पहारेकरी. म्हणून अशा गावी जाणाऱ्याने उपदेश घरी ठेवावा आणि शिष्यभावाने काठावर बसावे.