उद्या बसू
(लाखनी येथे वार्षिक सभेत केलेले मनोगत)



मला वर्षभराच्या कामाबद्दल बोलायला सांगितलं आहे. आकडे अहवालात आहेत, ते कृपया वाचा. मी चैत्रातल्या एका सकाळबद्दल सांगतो.

जातीच्या दाखल्यांचे अर्ज भरून घ्यायला मी आठ वाजता एका गोंड वस्तीवर पोहोचलो. समाजमंदिराला कुलूप. बायका मोहफुलं वेचायला गेलेल्या. मी चिडलो, कारण दुपारी साकोलीला जायचं होतं. शेवटी कागदांची पिशवी घेऊन रानात गेलो.

मोहफुलं पहाटेपासून गळतात आणि त्याच सकाळी उचलावी लागतात. उशीर झाला की गुरं खाऊन टाकतात. अस्वलालाही ती आवडतात, म्हणून बायका घोळक्यानं जातात. हा हंगाम जेमतेम महिनाभराचा; मग तेंदूपत्ता, सत्तर-सत्तर पानांचे पुडके.

एक आजी म्हणाल्या, "भाऊ, उभे काऊन? येचा ना."

दोन तास वेचलं. आजी माहेरचं, सुनेचं, वारलेल्या नवऱ्याचं बोलत राहिल्या. दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. तो शोधायला हवी असलेली पणजोबांची नावं आणि मूळ गाव त्या बोलण्यातच मिळालं. आधीच्या तीन खेपांत मी नुसते रकाने विचारत होतो.

निर्गमाच्या १६ व्या अध्यायावर मी डिप्लोमाच्या परीक्षेत चार पानं लिहिली होती. मान्ना रोज सकाळी गोळा करायचा, उद्यासाठी ठेवला की किडे पडायचे. (मोहफूल वाळवून ठेवता येतं, तेव्हा तुलना पुरती जुळत नाही. पण वेचायची सकाळ ठेवता येत नाही.) मार्क चांगले मिळाले. घरी आई ओसरीवर लाखोळीची भाजी खुडत "जरा बस रे" म्हणायची, आणि मी "उद्या बसू" म्हणून गाडीला किक मारायचो. सेवेचंच काम, म्हणून मनाला टोचलंही नाही.

तीन वर्षांपूर्वी पौषात आई प्रभूकडे गेली. दुसऱ्यांच्या पणजोबांची नावं माझ्या फायलीत आहेत. माझ्या आईचं आजोळ कोणतं, मला माहीत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढं काही वर्षं दोघं दूर राहिली. एवढं सोसलेल्या बाईंनी लिहिताना घरातल्या भांडणांना, फजित्यांनाही जागा दिली. जगतानाच त्यांनी ते नीट पाहिलं असणार. एरवी इतक्या वर्षांनी आठवणार कसं?

बाबा ऐंशीच्या पुढे आहेत. संध्याकाळी रोज विचारतात, "आज कुठं गेला होतास?" मी मोबाइल बघत "कामाला" म्हणायचो. त्या दिवशी सगळं सांगितलं. मध्येच ते म्हणाले, "तुझ्या आईच्या आजोळीही मोठा मोह होता."

"कोणतं गाव, बाबा?"

त्यांना आठवेना. "उद्या सांगतो," म्हणाले.

मी खुर्ची ओढून बसलो.